यंदा जत्रा कधी?

गावाकडं फोन लावून "यंदा जत्रा कधी?" असं विचारलं, तर उत्तरात तारीख सहसा मिळत नाही. "पुनवेला हाय की," एवढंच कळतं. किंवा "अष्टमीला लगीन, बारशीला कावड." कोकणातला माणूस असेल तर तो शांतपणे सांगतो, "अजून तारीख पडली नाय." रजेच्या अर्जात 'बारशीला कावड' असं लिहून चालत नाही, म्हणून आपण भिंतीवरचं कॅलेंडर उलटायला लागतो. गेल्या वर्षीची जत्रा आठवणीत असते तिथं ती नसते. कधी अकरा दिवस आधीच होऊन गेलेली असते, कधी अजून अडीच आठवडे लांब असते.

हा गोंधळ प्रत्यक्षात केवढा आहे ते आषाढी एकादशीच्या तारखांवरून पाहू. २०२२ साली ती १० जुलैला होती, २०२३ साली २९ जूनला, २०२४ साली १७ जुलैला, २०२५ साली ६ जुलैला आणि २०२६ साली ती २५ जुलैला आहे. म्हणजे अकरा दिवस अलीकडे, मग अठरा दिवस पलीकडे, परत अकरा अलीकडे, मग एकोणीस पलीकडे. वरवर पाहता नुसती उडवाउडवी वाटते, पण यामागचा हिशेब चोख आहे. तो कळला की महाराष्ट्रातल्या निम्म्याअधिक जत्रांच्या तारखा उलगडतात. उरलेल्यांचा हिशेब आकाशात नाही, तो गावातच होतो. त्याकडे नंतर येऊ.

आजी, नातू आणि प्रदक्षिणा

तिथी म्हणजे काय, हे बहुतेकांना माहीत असतं आणि सांगता मात्र येत नाही. असं समजा की एका मोठ्या देवळाभोवती आजी आणि नातू प्रदक्षिणा घालतायत. आजी म्हणजे सूर्य. तिची चाल संथ, एका फेरीला अख्खं वर्ष लागतं. नातू म्हणजे चंद्र. तो पळत सुटलाय आणि सव्वासत्तावीस दिवसांत फेरी संपवतो. पण तेवढ्यात आजीही थोडी पुढं सरकलेली असते, त्यामुळं तिला गाठायला त्याला आणखी दोन दिवस लागतात. गाठलं, ती अमावास्या. तो तिच्या बरोबर समोरच्या बाजूला पोचला, ती पौर्णिमा. एका गाठीपासून पुढच्या गाठीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात, आणि हाच आपला चांद्रमास.

आता या वर्तुळाचे ३६० अंश धरा. नातू आजीच्या पुढं बारा अंश गेला की एक तिथी संपली. आणखी बारा अंश, दुसरी तिथी. अशा तीस तिथ्या झाल्या की महिना पुरा. तिथीचा दिवस-रात्रीशी, घड्याळाशी काही संबंध नाही. ती दोघांमधलं अंतर मोजते, बस्स.

यात मेख अशी की नातू एका वेगानं पळत नाही. पृथ्वीच्या जवळ असताना चंद्र भरभर सरकतो, लांब असताना रेंगाळतो. त्यामुळं एखादी तिथी एकोणीस-वीस तासांत आटोपते, तर एखादी सव्वीस-सत्तावीस तास चालते. ती पहाटे तीनला लागेल नाहीतर दुपारी सव्वाचारला संपेल. अशा अघळपघळ तिथीला वारात कसं बसवायचं? त्यासाठी पंचांगानं साधा नियम केला: सूर्य उगवताना जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची. म्हणून छोटी तिथी कधी दोन सूर्योदयांच्या मधेच येऊन निघून जाते, तिला क्षय म्हणतात. लांबलेली तिथी दोन सूर्योदय पाहते, तिची वृद्धी झाली म्हणतात. "यंदा दोन एकादश्या कशा?" या प्रश्नामागं अनेकदा ही भानगड असते.

त्यात सगळे सण सूर्योदयाला बांधलेले नाहीत. महाशिवरात्रीला मध्यरात्रीची तिथी लागते, होळीला संध्याकाळची, गणेश चतुर्थीला माध्यान्हीची, संकष्टीला चंद्रोदयाची. तत्त्व एकच आहे. ज्या वेळेला मुख्य विधी व्हायचा, त्या वेळेला ती तिथी हजर हवी. लग्नाचा मुहूर्त असताना नवरदेव मांडवात हवा, तितकी सरळ गोष्ट.

पंढरीच्या वाटेवर हा हिशेब पायी चालताना दिसतो. तुकोबांची पालखी देहूतून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माउलींची आळंदीहून अष्टमीला. पोचायचं दोन्हींना आषाढ शुद्ध दशमीपर्यंत. या मधल्या काळात एखाद्या तिथीचा क्षय झाला किंवा वृद्धी झाली की वाटेतल्या मुक्कामाचे दिवस कमी-जास्त होतात. रस्ता तेवढाच, पण दिवस बदलतात.

धोंड्याचा महिना

बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस होतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. फरक अकरा दिवसांचा. वर आषाढी दोनदा अकरा दिवस अलीकडे सरकली, ती याच्यामुळं. असंच सरकू दिलं असतं तर काही वर्षांनी आषाढी उन्हाळ्यात आली असती आणि वारकरी पेरणीआधीच पंढरपुरात पोचले असते.

ते होऊ नये म्हणून अधिक मास. त्याचाही नियम कुणाच्या मर्जीवर नाही. सूर्य साधारण दर साडेतीस दिवसांनी एक रास ओलांडतो, ती संक्रांत. चांद्रमास त्यापेक्षा दिवसभरानं लहान. त्यामुळं केव्हातरी असा एक चांद्रमास येतो की ज्यात संक्रांतच पडत नाही. सूर्य तो अख्खा महिना एकाच राशीत बसलेला असतो. तो महिना अधिक. सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एक, एकोणीस वर्षांत सात. २०२३ साली अधिक श्रावण आला, म्हणून २०२४ ची आषाढी अठरा दिवस पुढं गेली. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्या वर्षीची आषाढी थेट २५ जुलैला.

अधिकात जावयाला धोंडे आणि अनारसे मिळतात, जत्रा मात्र मिळत नाही. ती निज, म्हणजे अधिकानंतर येणाऱ्या त्याच नावाच्या मूळ महिन्यातच भरते. याला एक सुंदर अपवाद आहे. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात गोदावरीकाठी पुरुषोत्तमपुरी नावाचं गाव आहे. अधिक मासाला पुरुषोत्तम मास म्हणतात आणि इथला देवही पुरुषोत्तम, त्यामुळं इथली मोठी जत्रा भरते तीच अधिकात. एरवी शांत असलेलं गाव तीन वर्षांतून एकदा महिनाभर गजबजतं.

पंचांगांचंही सगळीकडे एकमत नसतं, हे इथंच सांगून टाकतो. बहुतेक महाराष्ट्र दाते पंचांग किंवा कालनिर्णय पाहतो. काही घरं, विशेषतः कोकणातली, टिळक पंचांग मानतात. त्या पंचांगात राशीचक्राची सुरुवात थोड्या वेगळ्या ठिकाणी धरली आहे. त्यामुळं संक्रांतीचे दिवस सरकतात आणि एखाद्या वर्षी अधिक मास वेगळा येतो. तिथी दोन्हीकडं तीच असते, कारण ती फक्त आजी-नातवातलं अंतर मोजते. महिन्याचं नाव तेवढं बदलतं. अशा वर्षी एकाच वाडीतल्या दोन घरांत गणपती महिनाभराच्या फरकानं येतात आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याची रजेची पंचाईत होते.

चैत्रातच एवढी गर्दी का

महाराष्ट्राच्या नकाशावर महिन्यामहिन्याच्या जत्रा मांडल्या तर चैत्राचा ढीग डोळ्यांत भरेल. चैत्र शुद्ध अष्टमीला शिखर शिंगणापुरात शंभू महादेवाचं लग्न. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत वणीच्या गडावर सप्तशृंगीचा चैत्रोत्सव, त्यासाठी खानदेशातून माणसं उन्हातान्हात चालत येतात. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर ज्योतिबाची यात्रा. त्याच पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरी. याशिवाय गावोगावचे भैरोबा, म्हसोबा, काळुबाई यांच्या यात्रा वेगळ्याच.

याचं उत्तर देवळात शोधू नका, खळ्यात शोधा. चैत्रात रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा घरात आलेला असतो. हातात थोडा पैसा असतो. नांगरटी चालू असल्या तरी पेरणीला दोन महिने आहेत. नद्यांना पाणी कमी, उतार मिळतो. रात्री उघड्यावर झोपता येतं. हजारो माणसं बैलगाड्या घेऊन चार-पाच दिवस घराबाहेर काढू शकतील, असा वर्षातला हा एकच काळ. दुसरा त्यातल्या त्यात मोकळा काळ खरिपानंतरचा, मार्गशीर्ष ते माघ. म्हणून जत्रांचा दुसरा ढीग तिथं आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला भरते आणि तिथं घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा मोठा बाजार असतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. जनावर विकत घ्यायला पैसा लागतो आणि पैसा सुगीनंतर येतो. देवाची तिथी आणि बाजाराची वेळ जुळली तिथंच जत्रा मोठी झाली, असं माझं मत आहे.

शिंगणापूरवर जरा थांबतो, कारण तिथं हे सगळं एका डोंगरावर पाहायला मिळतं. सातारा जिल्ह्यातला माण तालुका म्हणजे पावसाची आबाळ असलेला मुलूख. त्या कोरड्या डोंगरावर महादेव बसलाय आणि त्याच्यासाठी पाणी येतं ते लांबून, खांद्यावरून. अष्टमीला लग्न. त्या दिवशी महादेवाच्या शिखरापासून शेजारच्या बळी महादेवाच्या शिखरापर्यंत लांबलचक कापडी ध्वज बांधतात, दोन देवळांना जणू एकाच शेल्याची गाठ. लग्न झालं की बारशीला कावडी. तांब्याच्या मोठ्या रांजणांत नदीचं पाणी भरून गावोगावचे लोक मुंगी घाटानं वर चढतात. घाट म्हणायचा तो उपचार, आहे तो उभा खडक. माणसं एकमेकांना हात देऊन साखळी करतात आणि कावड वर ओढली जाते. यातली मानाची कावड सासवडहून येते, भुतोजी तेली यांची. ती कऱ्हेचं पाणी घेऊन येते. वर पोचल्यावर ते पाणी पिंडीवर घालतात. चैत्रातल्या माणदेशात देवाला पाणी पाजणं म्हणजे काय, हे समजायला पंचांग लागत नाही, तिथली एक दुपार पुरते.

ज्योतिबावर पाण्याऐवजी उंची. गावोगावच्या सासनकाठ्या, काही तीस फुटांहून उंच, तोल सांभाळत नाचवत डोंगरावर येतात. कोणती काठी कितव्या क्रमांकाला चालायची हे ठरलेलं आहे, आणि पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा. संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडं निघते, गुलाल आणि खोबऱ्याची उधळण होते आणि "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं" या गजरात दुसरं काही ऐकू येत नाही. शेजारी उभ्या माणसाचा चेहराही गुलालात ओळखू येत नाही.

सगळ्यांना एकच तिथी हवी, याची किंमतही मोजावी लागली आहे. वाईजवळच्या मांढरदेवीच्या काळुबाईची यात्रा पौष पौर्णिमेला असते. २५ जानेवारी २००५ रोजी तिथं चेंगराचेंगरी झाली आणि जवळपास तीनशे माणसं गेली. त्यानंतर न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला. गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत, ३ मे २०२५ च्या पहाटे, पुन्हा तेच झालं आणि माणसं मेली. दोन्ही ठिकाणी जागा अरुंद, वाट उताराची, आणि हजारो माणसांना एकाच रात्री तिथं असायचं होतं. तिथी ही अशी वेळ आहे की ती चुकली तर वर्षभर परत येत नाही. लोकांनी दुसऱ्या दिवशी यावं, असं फलकावर लिहिणं सोपं आहे, पण नवस पौर्णिमेचा असतो.

सोमवार पकडणारी अमावास्या

काही देवांना नुसती तिथी पुरत नाही, वारही लागतो. जेजुरीची सोमवती हे त्याचं ठळक उदाहरण. अमावास्या सोमवारी आली की खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला जाते. वर्षात बारा-तेरा अमावास्या, वार सात. म्हणजे सरासरी वर्षाला दोनच्या आसपास सोमवत्या पडायच्या. पण एखाद्या वर्षी एकच पडते, एखाद्या वर्षी तीन. आणि वर पाहिलंच आपण की तिथी मधेच लागते, मधेच संपते. मग सोमवारी अमावास्या नक्की किती वेळ आहे, पालखी काढून स्नान उरकण्याइतकी आहे का, हे मानकरी आणि विश्वस्त बसून ठरवतात. कॅलेंडरात 'सोमवती' छापलेलं पाहून थेट गाडी काढण्याआधी जेजुरीत कुणाला तरी विचारावं, हे बरं.

जेजुरीचं हे एकच वेळापत्रक नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठी, पौष, माघ आणि चैत्रात पौर्णिमा, शिवाय दसरा. प्रत्येक यात्रेची माणसं वेगळी. पौष पौर्णिमेला तिथं गाढवांचा बाजार भरतो. वैदू, बेलदार, कैकाडी, कुंभार अशा समाजांची माणसं गाढवं विकायला-घ्यायला येतात, आणि काठेवाडी गाढवाला भाव जास्त. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या गडाचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, खालच्या पटांगणात गाढवाचे दात पाहून वय ठरवणारा माणूस फारसा कुणी पाहिलेला नसतो.

खंडोबाचीच दुसरी तऱ्हा कऱ्हाड तालुक्यातल्या पालला. तिथं पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं आणि त्यासाठी मृग नक्षत्र पाहतात. नक्षत्राचं गणित तिथीपेक्षा वेगळं: चंद्र आजीच्या किती पुढं आहे ते न पाहता, देवळाच्या कुठल्या खांबाजवळ आहे ते पाहायचं. असे सत्तावीस खांब. महिन्यांची नावंही त्यांवरूनच आली. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख, पुष्याजवळ तो पौष. पौषात पौर्णिमा पुष्याजवळ असेल, तर मृगाचा खांब त्याच्या दोन-तीन दिवस आधी लागणार. म्हणून पालची यात्रा पौष शुद्ध द्वादशीच्या आसपास येते.

चंद्राला न विचारणारी सोलापूरची गड्डा

सोलापूरकरांना मात्र हा प्रश्न कधीच पडत नाही. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा जानेवारीच्या मध्यावर, संक्रांतीच्या आगेमागे. ठरलेलं. कारण ती संक्रांतीला बांधलेली आहे आणि संक्रांत आजीची चाल पाहते, नातवाची नाही. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले लोक, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आणि सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाचा अक्षता सोहळा. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" म्हटलं की हजारो हातांतून अक्षता पडतात. यात्रेचा बाजार होम मैदानावर भरतो आणि पुढं बरेच दिवस चालतो.

पण संक्रांतही अगदीच खिळ्यानं ठोकलेली नाही. ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीस मिनिटांनी मोठं आहे. वीस मिनिटं काहीच नाहीत, पण बहात्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आपल्या लहानपणी ती १४ ला पाठ होती, आता अनेकदा १५ ला येते. आपल्या पणतवंडांच्या शाळेत १६ सांगतील.

देवीच्या मनात असेल तेव्हा

आता गावात ठरणाऱ्या तारखा. मालवण तालुक्यात मसुरे गावाची आंगणेवाडी, तिथली भराडीदेवी. तिची जत्रा कुठल्याही पंचांगात आधी सापडणार नाही, कारण तिला तिथी नाही. दिवाळीनंतर आंगणे मंडळी देवळात जमतात, ठरलेले विधी एकेक करून होतात, देवीचा कौल घेतला जातो आणि मग तारीख बाहेर पडते. २०२३ साली ती ४ फेब्रुवारी होती, २०२४ साली २ मार्च, २०२५ साली २२ फेब्रुवारी. हिशेब लावून पाहा, कुठलंही सूत्र बसत नाही. तारीख जाहीर झाली की दादर-परळपासून डोंबिवली-विरारपर्यंत फोनाफोनी सुरू होते, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते आणि त्यांचीही तिकिटं उरत नाहीत.

कौल म्हणजे काय, तर देवाला प्रश्न विचारायची पद्धत. बहुतेक ठिकाणी गुरव ओल्या पाषाणाला फुलाच्या कळ्या किंवा तांदळाचे दाणे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि उजवीकडचं आधी पडलं की होकार, डावीकडचं पडलं की नकार. याकडं अंधश्रद्धा म्हणून पाहणारे पाहोत. मला त्यात गावकीची एक हुशारी दिसते. चार वाड्या आणि दहा मानकरी एका तारखेवर कधी एकमत करणार? देवीनं सांगितलं म्हटलं की कुणाचा मान खाली जात नाही.

देशावरही कौल आहे, फक्त तारखेऐवजी माणसासाठी. वाईजवळच्या बावधनचं बगाड रंगपंचमीला निघतं, ती तिथी पक्की. पण उंच शिडाला टांगून घेणारा बगाड्या कोण, हे होळी पौर्णिमेच्या रात्री भैरवनाथाच्या कौलानं ठरतं. नवस बोललेले अनेक असतात, कौल एकालाच मिळतो, आणि त्याला तयारीला जेमतेम पाच दिवस.

विदर्भाच्या पूर्वेला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत, तर तारीख देवाकडंही मागत नाहीत, शेजाऱ्याकडं मागतात. भाऊबीजेपासून तिथं गावोगाव मंडई भरते. धान निघालेलं असतं, लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. एका गावची मंडई आज, शेजारच्या गावची उद्या, त्याच्या पलीकडची परवा. एकाच दिवशी ठेवली तर पाहुणे वाटले जातील आणि नाटक मंडळीही मिळणार नाही. मंडईत पाहुण्यांसोबत सोयरिकीच्या गोष्टीही निघतात, त्यामुळं जास्तीत जास्त लोक यायला हवेत हे सगळ्यांच्याच हिताचं. इथली नाटकं ठरवायला लोक वडसा-देसाईगंजला जातात.

पश्चिम महाराष्ट्राला ही सोय नाही, कारण तिथल्या तिथ्या आधीच ठरलेल्या. त्याचा परिणाम पाहायचा असेल तर गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला जावं. तिथं तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. अष्टमी, पौर्णिमा अशा तिथ्यांना वीस गावांना एकच नावाजलेला फड हवा असतो, आणि फडाला एका रात्री एकच खेळ आणि सकाळी हजेरी करता येते. त्यामुळं पौर्णिमेचा भाव वेगळा, मधल्या एखाद्या षष्ठीचा वेगळा. चंद्राच्या गतीवर बाजारभाव ठरताना पाहायचा असेल, तर ही जागा.

दोन बहिणी, दोन चंद्र

उरुसाचं काय? हिजरी सनही चंद्रावरच चालतो, ३५४ दिवसांचाच, पण त्यात अधिक महिना घालत नाहीत. त्यामुळं हिजरी तारखेचा उरूस दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. एकाच पिरासाठी आजोबांनी गुडघाभर चिखल तुडवलेला असतो आणि नातू तिथंच घामाघूम होतो.

पण आपल्याकडं हा नियमही सगळीकडं पाळलेला नाही. कल्याणजवळच्या मलंगगडावर हाजीमलंगची यात्रा माघ पौर्णिमेला भरते. बुलडाणा जिल्ह्यात सैलानी बाबाची यात्रा होळीला नारळांची होळी पेटवून सुरू होते. दर्गे आहेत, पण तारखा शालिवाहन शकाच्या. कारण पुन्हा तेच असावं: येणारी माणसं शेतकरी, आणि त्यांना मोकळा वेळ ठरावीक ऋतूतच.

गोव्यात तर देवीच दोन हिशेबांत वाटल्या गेल्या आहेत. लोककथेप्रमाणे शिरगावची लईराई ही सात बहिणींतली एक आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मारियामाता, ही तिचीच बहीण. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला. हातात वेताच्या काठ्या घेतलेले धोंड, म्हणजे तिचे व्रत धरलेले भक्त, आधी काही दिवस सोवळ्यानं राहतात, मोगऱ्याच्या कळ्या वाहतात आणि पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. सायबिणीचं फेस्त ईस्टरनंतर दोन आठवडे उलटले की येणाऱ्या सोमवारी. आणि ईस्टर कधी? वसंतातली पौर्णिमा होऊन गेल्यावर येणारा रविवार. म्हणजे त्या बाजूलाही नातू आजीच्या समोर जाईपर्यंत थांबावं लागतंच. २०२५ साली ईस्टर २० एप्रिलला होता आणि लईराईची जत्रा २ मे रोजी सुरू झाली, दोघी बहिणी आठवडाभरात आल्या. २०२४ साली ईस्टर ३१ मार्चला येऊन गेला, आणि लईराईला मेचा दुसरा आठवडा उजाडला. शिरगावहून म्हापशाच्या सायबिणीला तेल पाठवायची आणि तिकडून फुलं यायची रीत सांगतात. त्या वर्षी तेल आधी निघालं आणि फुलांना महिनाभर वाट पाहावी लागली.